पाऊण टक्का शेअर देतो म्हणतायत, जाऊ का?

प्रश्न : ताई नमस्कार. मी २७ वर्षांची, मूळची कराडची, कर्वेनगरला दोन मैत्रिणींबरोबर फ्लॅट शेअर करते. हिंजवडीतल्या एका मोठ्या आयटी कंपनीत चार वर्षं यूआय डिझायनर आहे (सॉफ्टवेअरच्या स्क्रीन आखते), पॅकेज १३ लाख. कॉलेजमधल्या एका सीनियर दादाने मित्राबरोबर स्टार्टअप सुरू केलंय, भोसरी-चाकणच्या छोट्या मशीन शॉपसाठी अ‍ॅप, म्हणजे जॉबवर्कला (बाहेर काम करून घ्यायला) गेलेला माल कुठंय, किती रिजेक्ट झाला, मालाचं चलन बनलं का वगैरे. हे दोघं आणि दोन डेव्हलपर, बाणेरला को-वर्किंगमध्ये बसतात. मला पहिली डिझायनर म्हणून बोलावतायत, ९ लाख आणि पाऊण टक्का ईसॉप (कंपनीचे शेअर पुढे ठरलेल्या किमतीला घ्यायचा हक्क). दादा म्हणतो कंपनी १०० कोटींची झाली की तुझे पाऊण टक्क्याचे ७५ लाख. बाबा सहकारी बँकेतून रिटायर झालेत, त्यांना शुगर आहे आणि त्यांचा मेडिक्लेम माझ्या कंपनीतूनच आहे, ते म्हणतात चांगली नोकरी सोडून चार पोरांच्या नादी कशाला लागतेस. डोक्यावर कर्ज नाही. इथे परदेशातल्या एका बँकेचे डॅशबोर्ड करून करून कंटाळलेय. पाऊण टक्का चांगला आहे ना? जाऊ का?
– एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : अगं, तो पाऊण टक्का पत्रात तीनदा आलाय, आणि तिथे रोज जाऊन तू करणार काय ते जवळजवळ नाहीच. मी स्वतः ईसॉपची किंमत शून्य धरते, आणि मग विचारते की नुसत्या ९ लाखांत हे काम करायला आवडेल का. तूही तसंच कर. शून्य का धरायची ते सांगते, जरा लांबण लागेल.

सगळ्यात आधी एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी मंत्रालयाच्या) साइटवर कंपनीचं नाव टाक. मास्टर डेटा फुकट दिसतो, कधी रजिस्टर झाली, डायरेक्टर कोण, भरलेलं भांडवल किती. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर पुढे बोल, पण एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) निघाली तर विषयच संपला, एलएलपीला शेअर नसतातच, मग ईसॉप देणार कशाचे? असं आश्वासन देणारे फसवायलाच बसलेले असतात असं नाही, बऱ्याचदा त्यांनाच माहीत नसतं. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर विचार, ईसॉपची स्कीम शेअरहोल्डरांच्या ठरावाने पास झालीये का आणि ग्रँट लेटर (तुला किती दिले त्याचं पत्र) कधी मिळेल. ते नसेल तर ऑफर लेटरमधली ‘कंपनीच्या पॉलिसीनुसार ईसॉप मिळतील’ ही ओळ म्हणजे पत्रिकेतलं ‘हेच अगत्याचं आमंत्रण समजावं’, तेवढ्यावर कोणी लग्नाला जात नाही.

मग टक्के सोड आणि आकडे माग. मला ऑप्शन (ईसॉपमधले शेअर घ्यायचे हक्क) किती, आणि कबूल केलेले सगळे ऑप्शन धरून कंपनीचे एकूण शेअर किती. समज एकूण १०,००० आहेत, म्हणजे तुझे ७५. पुढे दोनदा गुंतवणूक आली आणि दर वेळी नव्या लोकांनी २० टक्के घेतले, तर तुझे ७५ हे ७५च राहतात पण हिस्सा ०.७५ वरून ०.६ आणि मग ०.४८ टक्के होतो. यात लबाडी कुणाचीच नाही, पैसे उभे करायचे म्हटल्यावर असंच होतं, पण दादाच्या त्या १०० कोटींच्या गणितात हे धरलेलं नाहीये. शिवाय कंपनी विकली गेली तर बहुतेक करारांत आधी गुंतवणूकदार आपले पैसे काढून घेतात आणि मग उरलं तर बाकीच्यांना.

ऑप्शन एकदम हातात येत नाहीत हे तुला माहीत असेलच. कायद्याने ग्रँट (ऑप्शन देणं) आणि वेस्टिंग (ते पिकून तुझे होणं) यांच्यामध्ये किमान एक वर्ष जावं लागतं, आणि बहुतेक ठिकाणी चार वर्षांत थोडे थोडे पिकतात. अकराव्या महिन्यात सोडलंस तर शून्य. आणि हे नक्की विचार, की पिकलेले ऑप्शन नोकरी सोडल्यावर किती दिवसांत पैसे भरून शेअरमध्ये बदलून घ्यायचे, कारण खूप ठिकाणी ही मुदत दोन-तीन महिन्यांचीच असते, तेवढ्यात नाही घेतले तर गेले.

आता टॅक्स, जो ऑफर देताना कोणी काढत नाही. तू ऑप्शनचे शेअर करून घेतेस तेव्हाच त्या दिवशीची किंमत वजा तू भरलेली किंमत हा फरक पगारात धरतात. समज सगळे ७५ पिकलेत, तू भरणार शेअरमागे १० रुपये, आणि तोवर शेअरची किंमत १०,०१० झालीये. झाले साडेसात लाख उत्पन्न. नुसत्या ९ लाख पगारावर नव्या करपद्धतीत, २०२५-२६ चे दर धरले तर, तुला टॅक्स शून्य. हे साडेसात लाख वर आले की सेससकट साधारण १ लाख २१ हजार, आणि हातात रुपया आलेला नाही, कारण प्रायव्हेट कंपनीचा शेअर विकायला बाजार कुठेय? नंतर विकलास तर वाढलेल्या किमतीवर कॅपिटल गेन वेगळा. काही स्टार्टअपच्या कर्मचाऱ्यांना हा पहिला टॅक्स पुढे ढकलता येतो, पण त्यासाठी कंपनीकडे ८०-आयएसीचं (स्टार्टअपच्या आयकर सवलतीचं) सर्टिफिकेट लागतं, नुसतं डीपीआयआयटीचं (केंद्राच्या उद्योग विभागाचं) रजिस्ट्रेशन पुरत नाही.

आणि वेळ किती लागतो बघ. आपल्या पुण्यातलं फर्स्टक्राय २०१० ला सुरू झालं आणि शेअर बाजारात आलं ऑगस्ट २०२४ ला. हे चांगलं चाललेल्या कंपनीचं उदाहरण आहे.

बरं, आता कामाचं, कारण माझ्या मते निर्णय इथे आहे. चार जणांच्या कंपनीत पहिली डिझायनर म्हणजे आज चलनाचा फॉर्म, उद्या चिंचवडला ऑटो क्लस्टरमध्ये प्रदर्शन आहे म्हणून स्टँडी, परवा इन्व्हेस्टरला दाखवायचा डेक (प्रेझेंटेशन), मधेच दसऱ्याचं व्हॉट्सअ‍ॅप ग्रीटिंग, आणि सगळंच अर्जंट. दुसरं कोण करणार, तूच करायचं, त्यात कमीपणा नाही, पण सहा महिन्यांनी बघितलंस आणि प्रॉडक्टचं काम पाव हिस्साही नसेल तर तू ४ लाख कमी घेऊन पोस्टर करायला गेलीस असं होईल. शिवाय तुझं काम तपासणारं कोणी नसेल. आत्ता वर कोणीतरी सीनियर आहे, तिची कटकट वाटत असेल पण चूक दाखवते ना? तिथे स्क्रीन बघणार दादा, आणि म्हणणार ‘छान आहे गं, पण जरा पॉप होत नाहीये’. चार वर्षांच्या अनुभवावर एकटीने डिझाइन सांभाळायचं अवघड आहे, अशक्य नाही. बाहेरचं एखादं अनुभवी माणूस महिन्यातून एकदा काम बघेल अशी सोय करून घे.

पण जे मिळेल ते हिंजवडीत बसून मिळणार नाहीये. चार वर्षं तो डॅशबोर्ड केलास, तो वापरणारा माणूस एकदा तरी डोळ्यांनी बघितलास? इथे तो भोसरीत उभा आहे, गाडी काढली की पोचलीस. त्याचे हात तेलाचे, एका हातात जॉब कार्ड, फोनच्या काचेला तडा, मशीनच्या आवाजात नोटिफिकेशन ऐकू येत नाही, आणि इंग्रजी शब्द मोजून केलेल्या बटणात ‘रिजेक्शन नोंदवा’ मावत नाही, मावलं तर वरच्या वेलांट्या कापल्या जातात. हे दोन वर्षं मनापासून सोडवलंस तर कंपनी राहो न राहो, तुझ्या पोर्टफोलिओत असं काम येईल की मुलाखतीत तासभर त्यावरच बोलणं होईल. मात्र ते काम दाखवायची परवानगी करारात आधीच लिहून घे, नाहीतर सगळं गोपनीय म्हणून कपाटात.

म्हणून सही करायच्या आधी एक दिवस त्यांच्याबरोबर भोसरीत जा, गुरुवार सोडून, त्या दिवशी तिकडे बऱ्याच ठिकाणी सुट्टी असते. पैसे घेऊन छोटं काम करून बघ असं म्हणणार होते, पण तुझ्या कंपनीच्या करारात बाहेरचं काम चालत नसेल, बहुतेक आयटी कंपन्यांत नाहीच चालत, तर नुसती फीर. दादा कारखानदाराला आपलं अ‍ॅप समजावत बसतो की त्याचं ऐकतो, ते बघ. आणि त्यांच्या लाडक्या फीचरपैकी जे तुला खरंच नको वाटतं त्याला कारण देऊन नाही म्हण. ‘बरं, मग काय करूया’ असं आलं तर चांगली खूण आहे. ‘तू फक्त छान दिसेल असं कर’ आलं तर राहा हिंजवडीतच, किंवा दुसरीकडे बघ, कंटाळ्याला तोही उपाय आहे.

पैशांचं थोडक्यात. बँकेत किती महिन्यांचे पगार आहेत हे दादाला सरळ विचार, ओळखीचा आहे म्हणून लाजू नकोस, उत्तर गोल गोल आलं तर थांब. २० पेक्षा कमी माणसं असतील तर पीएफ सक्तीचा नसतो, तेव्हा ९ लाखांत काय काय धरलंय ते लेखी घे. दोन-तीन वर्षांत फ्लॅट घ्यायचा विचार असेल तर बँका सॅलरी स्लिप आणि फॉर्म १६ मागतात, तिथे नव्या कंपनीचं नाव बघून प्रश्न येतात.

बाबांच्या मेडिक्लेमचं मात्र राजीनाम्याच्या आधी. नवी पॉलिसी घेतलीस तर आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून एचआरला आणि विमा कंपनीला विचार की ग्रुपमधून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का आणि झालेली वर्षं धरतील का. बाबांना व्हॅल्युएशन समजावत बसू नकोस, आयुष्यभर बँकेत काढलेल्या माणसाला ते हवेतलंच वाटणार, आणि खरं सांगू, ते फार चुकत नाहीयेत. मेडिक्लेमचा कागद आणि सहा महिन्यांच्या खर्चाची एफडी दाखव.

माझं मत विचारशील तर भोसरीचा दिवस चांगला गेला आणि पगाराचं उत्तर सरळ आलं तर जा. २७ वय, कर्ज नाही, ९ लाखांत कर्वेनगरला नीट भागतं.

प्रश्न : मी डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका स्टार्टअपने इंटरव्ह्यूआधी टेस्ट म्हणून त्यांच्या अख्ख्या अ‍ॅपचं रीडिझाइन मागितलंय, आठवड्यात. करू का?
– एक विद्यार्थी, विमाननगर

उत्तर : अख्खं अ‍ॅप ही टेस्ट नाही रे, ते काम आहे. त्यांना लिही की मी एक फ्लो (एका कामाच्या सगळ्या स्क्रीन) करतो, तीन-चार तासांचा, आणि कसा विचार केला ते समोर बसून सांगतो. चांगले लोक यावर लगेच हो म्हणतात. सगळंच हवं असेल तर किती पैसे देणार ते विचार. आणि जे करशील त्याची फक्त बघण्याची लिंक दे, कॉपी आणि एक्स्पोर्टही बंद ठेव, मूळ फाइल नको.