मॅग्नेटिझमनेच जुळतात जोड्या?

प्रश्न: मॅग्नेटिक अणू मिसळले की सुपरकंडक्टिव्हिटी (वीज जराही विरोध न होता वाहणं) मरते असं कॉलेजात शिकलो. मग हेवी फर्मिऑन पदार्थांत (ज्यांतले इलेक्ट्रॉन फार जड असल्यासारखे वागतात) दोन्ही एकत्र कसं काय सापडतं?

उत्तर: शिकलात ते साध्या सुपरकंडक्टरला अगदी लागू आहे. तिथे इलेक्ट्रॉन जोडीजोडीने वाहतात आणि जोडीतल्या दोघांचे स्पिन (स्पिन म्हणजे जणू इलेक्ट्रॉनमधला इवलासा चुंबक) उलटसुलट असतात, मॅग्नेटिक अणूने एकाचा स्पिन फिरवला की जोडी फुटली. लँथेनममध्ये जेमतेम एक टक्का मॅग्नेटिक गॅडोलिनियम घातलं तरी खेळ खलास.

म्हणूनच 1979 साली फ्रँक स्टेग्लिश आणि मंडळींनी सेरियम, तांबं आणि सिलिकॉनच्या संयुगात 0.5 केल्विनच्या आसपास (म्हणजे निरपेक्ष शून्याच्या जेमतेम वर) सुपरकंडक्टिव्हिटी दाखवली तेव्हा अनेकांना ते पटेना, कारण त्यात टक्का-बिक्का नाही, क्रिस्टलच्या प्रत्येक घरात एक सेरियम अणू बसलाय आणि तोही मॅग्नेटिक. आणि खरी गंमत पुढे आहे, त्या सेरियमच्या जागी मॅग्नेटिक नसलेलं लँथेनम घातलं की सुपरकंडक्टिव्हिटीच गायब! म्हणजे इथे मॅग्नेटिझम जोडी तोडत नाहीये, त्याच्याशिवाय जोडी जमतच नाहीये.

होतं काय, तर सेरियमचे एफ-इलेक्ट्रॉन (ज्यांच्यामुळे तो मॅग्नेटिक असतो ते) वाहत्या इलेक्ट्रॉनमध्ये मिसळतात आणि सगळेच इतके जड होतात की वस्तुमान नेहमीच्या शेकडो पट असल्यासारखे वागतात. या जड इलेक्ट्रॉनच्याच जोड्या जमतात.

पण जमवतं कोण? मला सगळ्यात पटणारा पुरावा 1998 चा, केंब्रिजचा. सेरियम-इंडियमच्या संयुगात 10 केल्विनखाली सेरियमचे स्पिन एकाआड एक उलटे लागतात. त्याला दाबत नेलं तर ही रचना खचत जाते आणि साधारण 25 किलोबारला (हवेच्या दाबाच्या सुमारे 25 हजार पट) ती संपत आली की नेमकं तिथेच, दाबाच्या अरुंद पट्ट्यात, 0.2 केल्विनच्या आसपास सुपरकंडक्टिव्हिटी उगवते, अजून दाबलं की जाते. स्पिन नीट लागलेलेही नाहीत आणि शांतही नाहीत, ती जी चुळबुळ चालू असते तीच इलेक्ट्रॉनना जोडते असं बहुतेक जण मानतात, मीही मानतो. सॅम्पल मात्र फार शुद्ध लागतं, नाहीतर काहीच दिसत नाही.

युरेनियम-ऱ्होडियम-जर्मेनियम तर त्याहून भारी. ते चक्क फेरोमॅग्नेट आहे, म्हणजे सगळे स्पिन एकाच दिशेला, तरी सुपरकंडक्टर. योग्य दिशेने 2 टेस्लाचं चुंबकीय फील्ड दिलं की सुपरकंडक्टिव्हिटी जाते आणि वाढवत राहिलं तर 8 टेस्लाच्या पुढे परत येते, कारण तिथे युरेनियमचे स्पिन दिशा बदलायच्या बेतात असतात, म्हणजे पुन्हा तीच चुळबुळ.