पक्षाघातानंतर एलडीएल कमी आलं, तर कोलेस्टेरॉलची गोळी बंद करावी का?

तुमच्या वडिलांच्या मेंदूतली रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली, तिसऱ्या दिवशी एलडीएल (म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल) ८४ आलं, तरीही डॉक्टरांनी अ‍ॅटोरव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध चालू ठेवलं. आणि ‘कोलेस्टेरॉल कमी असलेले रुग्ण नीट सावरत नाहीत’ असं तुमच्या वाचनात आलंय. मी मेंदूविकाराचे रुग्ण तपासतो, म्हणून कळकळीने सांगतो: गोळी स्वतःहून बंद करू नका.

तुम्ही वाचलंत ते निराधार नाही. पक्षाघाताच्या वेळी कोलेस्टेरॉल कमी असलेल्या रुग्णांची प्रकृती पुढे जास्त बिघडलेली काही अभ्यासांत दिसली आहे. पण आजाराच्या धक्क्याने कोलेस्टेरॉल आपोआप उतरतं. गिळता न येणं, आधीपासूनचं कुपोषण, जुनं दुखणं यांनीही उतरतं. असे रुग्ण मुळातच अशक्त असतात आणि कमी आकडा ही बऱ्याचदा त्या अशक्तपणाची खूण असते. वडिलांचं नेहमीचं एलडीएल ८४ पेक्षा जास्तही असू शकेल. चार ते बारा आठवड्यांनी पुन्हा तपासा. तोवर त्यांचं वजन आणि पोटात किती जातंय याकडे लक्ष द्या, ते जास्त मोलाचं आहे.

हात कधी हलेल हे लिपिड प्रोफाइलवरून, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या रक्ततपासणीवरून, कळत नाही. ते ठरतं मेंदूला किती इजा झाली, वय काय आणि व्यायाम किती नेमाने होतो यावर. एलडीएल बघायचं ते पुढचा झटका टाळण्यासाठी. २००६ च्या ‘स्पार्कल’ या औषध-चाचणीत अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ८० मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी ११.२ टक्क्यांना सुमारे पाच वर्षांत पुन्हा पक्षाघात झाला, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपैकी १३.१ टक्क्यांना. नंतरच्या एका चाचणीत, रक्तवाहिन्यांत चरबीचे थर असलेल्या रुग्णांचं एलडीएल ७० च्या खाली ठेवल्यावर हृदयविकार आणि पक्षाघात मिळून ८.५ टक्क्यांना झाले. ९० ते ११० दरम्यान ठेवलेल्यांत १०.९ टक्क्यांना. म्हणूनच ८४ वरही औषध चालू आहे.

मेंदूत रक्तस्राव झालेल्यांचा हिशोब मात्र वेगळा. स्पार्कलमध्येही औषध घेणाऱ्यांत रक्तस्राव थोडे जास्त होते, तेव्हा दुसऱ्या रुग्णाचा सल्ला वडिलांना लावू नका.

स्नायू दुखायला लागले तर डॉक्टरांना लगेच सांगा. फिजिओथेरपीने आलेला ठणका आणि गोळीचा त्रास यांत गल्लत होते. दोन्ही बाजूंचे दंड-मांड्या सारख्याच दुखत असतील किंवा लघवी गडद होत असेल, तर रक्तातलं सीपीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारा घटक) तपासून मात्रा कमी करता येते किंवा औषध बदलता येतं.