नर्स आहे, डॉक्टर नाही; परदेशात मुलांच्या मोफत शस्त्रक्रियांच्या शिबिरात जाता येईल का?

जाता येईल. डॉक्टरांइतकीच तिथे नर्सची गरज असते. दुभंगलेले ओठ-टाळू मोफत दुरुस्त करणाऱ्या 'ऑपरेशन स्माइल'चंच बघा. १९८२ साली प्लास्टिक सर्जन बिल मॅगी आणि त्यांच्या पत्नी कॅथी (त्या स्वतः नर्स!) फिलिपिन्समधल्या नागा शहरात गेले. सुमारे ३०० मुलं आली, शस्त्रक्रिया जेमतेम ४० जणांच्या झाल्या. बाकीच्यांना परत पाठवावं लागलं, आणि त्या रुखरुखीतून संस्था उभी राहिली.

परत पाठवणं आजही टळलेलं नाही. शस्त्रक्रियांआधी सगळ्या मुलांची तपासणी होते. सर्दी-ताप असेल, वजन किंवा हिमोग्लोबिन कमी असेल, तर भूल देणं धोक्याचं. मग लांबून प्रवास करून आलेल्या आईला 'आत्ता नाही' हे सांगावं लागतं, तेही दुभाष्यामार्फत. हसऱ्या फोटोंत हे दिसत नाही, पण मनाची तयारी त्याचीच हवी.

नर्सिंग कौन्सिलची चालू नोंदणी, लहान मुलांच्या वॉर्डाचा किंवा रिकव्हरी रूमचा अनुभव लागतो. मुलांच्या जीवरक्षणाचं 'पाल्स' प्रमाणपत्रही आधीच करून ठेवा. पगार अर्थातच नाही. 'मर्सी शिप्स'च्या रुग्णालय-जहाजांवर तर स्वयंसेवक राहण्या-जेवणाचा खर्चही पदरचा करत आलेत.

माझं मत विचाराल तर पहिली खेप देशातच करा. ऑपरेशन स्माइलनं गुवाहाटीतही काम केलंय.