हिब्रू येत नसताना प्रौढ वयात तालमुद शिकायला सुरुवात करता येते का?

हो, यहुदी धर्मनियमांवरच्या चर्चांचा हा प्राचीन ग्रंथ तसा नक्की शिकता येतो. इंग्रजी वाचता येत असलं तरी पुरे, कारण सेफारिया या संकेतस्थळावर मूळ पाठ भाषांतरासह मोफत मिळतो. तसंही गेमाराचा, म्हणजे तालमुदमधल्या चर्चेच्या भागाचा, बराचसा मजकूर अरामी भाषेत आहे, त्यामुळे हिब्रू जाणणाऱ्यालाही शिकवणारा लागतोच. वर्ग निवडताना मात्र हेवरुता असलेलाच घ्या: दोघांनी एकच उतारा मोठ्याने वाचायचा आणि एकमेकांनी लावलेला अर्थ तपासायचा. छापील पान समोर आलं की याची गरज पटते. मधोमध मिश्ना (मूळ नियमसंग्रह) आणि गेमारा, आतल्या कडेला अकराव्या शतकातल्या राशी या भाष्यकारांची टीका, बाहेरच्या कडेला तोसाफोत, म्हणजे त्यांच्यानंतरच्या पंडितांच्या टिपा. पारंपरिक प्रतीत विरामचिन्हं जवळजवळ नसतात, म्हणून प्रश्न कुठे संपला आणि उत्तर कुठे सुरू झालं हे एकट्याला चटकन उमगत नाही. प्रौढांनी कोऱ्या पाटीने येणं यात नवं काहीच नाही. यहुदी तत्त्वज्ञ फ्रान्झ रोझेनत्स्वाइग यांनी १९२० मध्ये फ्रँकफर्टला चालवायला घेतलेलं लेहरहाउस हे शिक्षणकेंद्र परंपरेपासून दुरावलेल्या मोठ्या माणसांसाठीच होतं. फक्त पहिल्याच दिवशी दफ योमीला हात घालू नका. रोज एक पान, एकूण २७११ पानं, जवळपास साडेसात वर्षं: तो वेग नवख्याला झेपत नाही. आधी मिश्नातला पिर्के अवोत हा भाग वाचा. त्यातली नीतिवचनं छोटी आहेत आणि एकेका वचनावर तासभर बोलता येतं.