सरपंचांचा शब्द आणि देवाचा शब्द

प्रश्न: मी अचलपूर तालुक्यातील एका गावात ग्रामपंचायत सदस्य आहे. आमच्याकडे ख्रिस्ती घरे मोजकीच आहेत. घरकुलाच्या यादीत एका विधवेचे नाव खाली ढकलून, ज्यांचे पक्के घर आहे अशा एकाचे नाव वर घेण्याचा ठराव येत आहे. मी सही करायला कचरले, तेव्हा सरपंच म्हणाले, "अधिकाऱ्यांच्या अधीन राहा, असे तुमच्याच बायबलात आहे ना?" मंडळीला, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांना, त्रास होऊ नये म्हणून सही करावी, असे आमचे पाळक (धर्मगुरू) ही सुचवतात. शिवाय बोअरवेलच्या भूमिपूजनाला नारळ मीच फोडावा, असा आग्रह आहे. मी काय करावे?

उत्तर: ताई, नारळाचा प्रश्न आधी संपवतो, कारण तो सोपा आहे. माझे वडील गावचे पंच होते. अशा प्रसंगी ते चपला काढून सर्वांबरोबर उभे राहत, नारळ शेजारच्याच्या हाती देत आणि पहिली कुदळ मात्र स्वतः मारत. त्यावरून कधी तंटा झाल्याचे मला आठवत नाही. आदराने उभे राहून भाग न घेणे कायद्यालाही मान्य झालेले आहे: केरळमधील तीन ख्रिस्ती मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण श्रद्धेमुळे गात नसत, म्हणून शाळेने त्यांना काढून टाकले होते. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या बाजूने निकाल दिला.

सहीचे तसे नाही. सरपंचांनी सांगितलेले वचन बायबलातील रोमकरांस पत्राच्या, म्हणजे प्रेषित पौलाने रोममधील ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्राच्या, १३व्या अध्यायातले आहे, आणि ते सैल करून सांगण्याचा माझा विचार नाही. पौलाने ते क्रूर रोमी सम्राट नीरोच्या राज्यात लिहिले. म्हणजे राजा सज्जन असेल तरच त्याला मान द्यावा, असे त्याला म्हणायचे नव्हते. मात्र त्याच अध्यायात तो अधिकाऱ्याला लोकांच्या हितासाठी नेमलेला देवाचा सेवक म्हणतो, हे सरपंचांनी वाचलेले दिसत नाही. आता तुमच्या गावात वरिष्ठ अधिकार कोणाचा, हे पाहा. तो सरपंचांचा नाही, कायद्याचा आहे. सरपंच आणि ग्रामसेवक दोघेही त्याच्या अधीन आहेत, आणि लोकांनी निवडून दिल्यामुळे तुम्ही स्वतःही त्या अधिकाराच्या वाटेकरी आहात. तेव्हा खोट्या यादीवर सही केल्यास देवाची आज्ञा मोडेलच, पण 'कैसराचे (रोमी सम्राटाचे) ते कैसराला द्या' असे येशूने ज्या सत्तेबद्दल सांगितले, तिलाही तुम्ही फसवाल.

पौल स्वतः कसा वागला, तेही लक्षात घ्यावे. फिलिप्पै या रोमी शहरात चौकशीवाचून फटके मारून त्याला तुरुंगात टाकले आणि सकाळी गुपचूप निघून जाण्यास सांगितले, तेव्हा तो उठला नाही. आपण रोमी नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आपल्याला बाहेर न्यावे, असे त्याने निरोप्यांना ठणकावले. अधीन राहणारा माणूस आपला कायदेशीर हक्क मागू शकतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला सापडत नाही.

पाळकांची भीती मी खोटी मानत नाही. लहान गावात दाखला अडतो, मजुरी अडते, आणि त्याची झळ तुमच्याआधी मंडळीतल्या गरीब घराला लागते. येशूचा शिष्य पेत्र याने यहुद्यांच्या न्यायसभेपुढे माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे असे सांगितले खरे, पण त्याबद्दल फटकेही खाल्ले. म्हणून सभेपूर्वी पाळकांना भेटा. त्यांची परवानगी मागू नका, पण उद्या काय ओढवू शकते ते त्यांच्यासमोर मोकळेपणाने मांडा.

सभेत सरपंचांचा अवमान होईल असा एकही शब्द न बोलता विरोध नोंदवा, तो इतिवृत्तात लिहिला गेला की नाही हे तिथेच वाचून पाहा, आणि तरीही ठराव झाला तर गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्या. त्या विधवेला मात्र आधी काही सांगू नका. ठराव अडला तर तिला कळेलच. अडला नाही, तर तिच्या पदरी आणखी एक खोटी आशा नको.