आधी कागद, मग कुदळ

पोरी,

काल तू तो मोकळा प्लॉट दाखवलास. वाल कुठे, अळू कुठे, सगळं तोंडपाठ. जागा कुणाची विचारलं, तर म्हणालीस, "समितीतले काका म्हणाले, करा की." लेखी मागितलं आणि नाही म्हणाले तर, या भीतीने घुटमळतेयस.

अशाच एका "करा की"वर मी नेरूळला नऊ वर्षं भाजी केली. भरावाची जमीन, वीतभर खणलं की विटांचे तुकडे. तीन पावसाळे शेणखत घातलं, तेव्हा कुठे मुळा सरळ उतरला. मग अख्ख्या बिल्डिंगने माझा लाल माठ खाल्ला. एका पौषात सकाळी जेसीबी आला. वालाला शेंगा धरल्या होत्या. दाखवायला माझ्याकडे चिठोरंसुद्धा नव्हतं. लोक मला भोळा म्हणतात. भोळा नव्हतो! कागद मागितला असता तर पहिल्याच दिवशी हाकललं असतं, ती नऊ वर्षंही मिळाली नसती. बघ, लागलो स्वतःची वकिली करायला. तू मात्र आधी कागद, मग कुदळ.

इंग्लंडमधल्या भाजीच्या वाफ्यांचे फोटो मला पाठवतेस ना? ते हौसेवर टिकलेले नाहीत. 1908 च्या कायद्याने मागणी असेल तिथे वाफे देणं पालिकांवर बंधनकारक झालं. 1925 पासून खास वाफ्यांसाठी घेतलेली जमीन पालिकेला मंत्र्याच्या संमतीशिवाय विकता येत नाही. आणि मला सर्वांत आवडतो तो 1922 चा कायदा: वाफा सोडायची मुदत 6 एप्रिल ते 29 सप्टेंबर या ऐन हंगामात संपवता येत नाही. 1950 मध्ये नोटीसही सहा महिन्यांची बारा केली. उभ्या पिकाची कदर कायद्यात लिहिलेली! ती वाचून मी एकटाच बसलो होतो थोडा वेळ.

इतक्या लांब कशाला? रुळांलगतची भाजी बघ. रेल्वेने 'अधिक धान्य पिकवा' योजनेखाली ती पट्टी आपल्या कर्मचाऱ्यांना दिली, ती कागदावर.

तू म्हणशील, इथल्या आगरी-कोळ्यांकडे सातबारा होता, तरी 1970 नंतर नवी मुंबईसाठी 95 गावांच्या जमिनी गेल्याच. गेल्या. 1984 ला जासईच्या आंदोलनात पाच जणांनी जीव दिला. पण गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन मागताना हातात तोच सातबारा होता ना? उताऱ्यावर ज्यांचं नावच नव्हतं, त्यांनी काय दाखवायचं होतं?

शनिवारी अर्जाचा मसुदा घेऊन ये. प्लॉट नंबर, मुदत, पाणी कुठून, सगळं लिही. "उभं पीक निघेपर्यंत जागा रिकामी करायला लावणार नाही" हे वाक्य नसेल तर सहीला माझ्याकडे येऊ नकोस. जेसीबीखाली गेलेल्या त्या वालाचं बी दरवर्षी बाल्कनीत लावून मी जिवंत ठेवलंय. डब्यात आहे. कागद आला की देतो.

तुझा काका