ससूनला पहिल्यांदा येताना

रविवारी पुण्याच्या ससून हॉस्पिटलबाहेर जेवण वाटायला येतोयस, तर आधी एक सांगतो: फोटो काढायचा नाही. रांगेतला माणूस भिकारी नसतो. सोलापूरकडून पेशंट घेऊन आलेला, आवारात चादर टाकून झोपणारा कुणाचा तरी भाऊ असतो. "जेवलात का?" विचार, मग हातात दे.

अन्नाचं मात्र कडक. गरम पोळ्या पिशवीत भरल्या की घाम सुटतो आणि तासाभरात चिकट होतात. कापडावर पसरून वाफ जाऊ दे, मगच चार-चारची चवड कागदात बांध. भाजी बटाट्याची, कोरडी. ओलं खोबरं नको, उन्हाळ्यात लगेच आंबतं. मंगल कार्यालयातलं उरलेलं आलं तर पंगत किती वाजता उठली ते विचार, झाकण उघडून वास घे. दुपारचा मसालेभात रात्री कुणी देऊ केला तर सरळ नाही म्हण. मी एकदा भिडेखातर घेतला, अख्खं पातेलं टाकावं लागलं.

सरकारची 10 रुपयांची शिवभोजन थाळी 2020 मध्ये आली, पण ती दुपारची. म्हणून आपण रात्रीचं धरलंय.

आणि हो, घरून जेवून ये. उपाशीपोटी वाढताना माणूस चिडतो, स्वानुभव आहे.